शेपटीचा गोटा

शिरपूरच्या बाजारात चुडामण पाटील शिरला की पहिला प्रश्न कापसाच्या भावाचा नसे, पावसाचा नसे, की घरच्या मंडळींचाही नसे. तंबाखूवाला पुडी बांधता बांधता विचारी, "सापडना का, भाऊ?" सापडला का, असं. तेल्याच्या दुकानात मापाच्या आडून तोच आवाज येई. न्हावी मात्र हुशार. तो वस्तरा गळ्याशी टेकल्यावर विचारी, कारण तेव्हा गिऱ्हाइकाला उठून जाता येत नाही.

विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना काय सापडायचं होतं हे ठाऊकही नव्हतं. पण विचारलं की चुडामणच्या कानांच्या पाळ्या लाल होतात, एवढं बाजारभर झालेलं होतं, आणि इतक्या स्वस्तात दुसरी करमणूक नव्हती.

सापडायचा होता एक गोटा. गोफणीचा.

अनेर नदीच्या अलीकडे खैरखेडे आणि पलीकडे बोरमळी. सरकारने खानदेशाचे दोन जिल्हे केले तेव्हा रेघ नदीतून गेली. खैरखेड्याची कचेरी धुळ्याला गेली, बोरमळीची जळगावला. सोयरिकी, बंधाऱ्याचं पाणी आणि एकमेकांवरचा जुना राग मात्र वाटून घ्यायचा राहिला. तो दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाहेर निघे. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असत, लिंबाला झोके बांधलेले असत, खापरावरचे मांडे आणि आमरस पोटात गेलेला असे. मग दोन्ही गावचे पुरुष कोरड्या नदीच्या दोन काठांवर उभे राहत आणि गोफणींनी एकमेकांना दगड मारत. का मारत, हे कोणी विचारीत नसे. आजा मारीत आला होता.

पुढे एका वर्षी बोरमळीच्या एका घरजावयाचं डोकं फुटलं. दगड पश्चिम खानदेशातला आणि डोकं पूर्व खानदेशातलं. गुन्हा कुठल्या जिल्ह्यात घडला यावर दोन फौजदारांचा विचार इतका चालला की तोवर जखम भरून त्यावर केस उगवले. अखेर दोघांनी मिळून एवढंच सांगितलं की माणसावर दगड मारायचा नाही.

तेव्हा दोन्ही गावचे कारभारी नदीतल्या म्हसोबापुढे बसले आणि नवी रीत पडली. दोन्ही गावांनी एकाच बाजूला, खाली बंधाऱ्याकडे फेकायचं. ज्याचा गोटा लांब जाईल त्याची गोफण वर्षभर म्हसोबाच्या लिंबाला टांगलेली राहील. इथवर सगळं ठीक होतं. मग बोरमळीचे अभिमन आबा खाकरले.

अभिमन आबांनी जन्मात खोटं बोलल्याचं कोणी ऐकलं नव्हतं, कारण ते आधी दुसऱ्याला बोलू देत आणि मग त्यातलं आपल्या सोयीचं उचलत. आवाज मऊ, दाढेत लवंग. त्यांनी सुचवलं की उगाच वाद नकोत. जिथे गोटा पडेल तिथे काठी रोवायची आणि गोटा दिवस बुडायच्या आत म्हसोबापुढे आणून ठेवायचा. दाखवला नाही, तो फेकलाच नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकायला न्यायाचंच होतं. पण त्यातला हिशेब असा की बंधाऱ्याच्या अलीकडे स्वच्छ वाळू आहे, तिथे पडलेलं बोरसुद्धा दिसतं. आणि आबांचा पुतण्या पितांबर याचा हात बरोबर त्या वाळूपर्यंतच पोचतो. बंधाऱ्यापलीकडे गोट्यांचा खच, लव्हाळा आणि बाभळी. तिथे दगड टाकून दगड शोधायचा. म्हणजे जितका लांब फेकावा तितका तो न फेकल्यासारखा.

पहिल्याच वर्षी चुडामणचा गोटा बंधारा ओलांडून गेला. जाताना दोन्ही गावांनी पाहिला. दोन्ही गावांनी मिळून तो शोधला, सापडला नाही. पितांबरची गोफण लिंबाला चढली. चुडामण तावातावाने बोलू लागला, तेव्हा आबा हळूच म्हणाले, "गेला असेल रे बाबा. पण गेला कुठे?"

नदी हसली. ते हसू शिरपूरच्या बाजारापर्यंत पोचायला एक आठवडा पुरला.

आता, दुसरा कोणी असता तर वर्षभर शिव्या देऊन मोकळा झाला असता. चुडामणने शिव्या तर दिल्याच, शिवाय माती मळायला घेतली.

तशी ती खोड जुनीच. त्याची जमीन काळी, हातभर खोदलं तरी खडा लागायचा नाही. ज्वारी हुरड्यात आली की पोपटांवर मारायचे गोटे नदीतून पाटीने वाहून आणायचे, आणि मारलेला गोटा पिकात गडप व्हायचा. म्हणून तो पोरपणापासून मातीचे गोटे करून भाजून घेई आणि मारल्यावर हुडकत बसे. त्याची बायको भिकुबाई म्हणे, "लोकाले पाखरू उडनं का समाधान व्हस. आमना घरना मानूसले गोटा परत येवाले पाहिजे."

या वर्षी नुसता परत येऊन भागणार नव्हतं. लांब जाऊन परत यायला हवा होता.

लांब जाण्याचं त्याला चातीवर उमगलं. सूत भरत आलेल्या चातीला मध्ये पोट आणि दोन्हीकडे निमुळती टोकं येतात. तसा गोटा वळला तर तो गोफणीच्या वाटीतून सुटताना स्वतःभोवती फिरतो, आणि फिरणारा गोटा वारा कापत सरळ जातो. वना कुंभाराच्या भट्टीत मडक्यांच्या बेचक्यांत त्याने असे गोटे भाजले. काही तडकले, काही वाकडे झाले, जे नीट निघाले ते फेकल्यावर अर्ध्या वाटेत कोलांट्या खाऊ लागले. तेव्हा तेरसिंग हसला. तेरसिंग सातपुड्याच्या पायथ्याचा. डिंक, मध विकायला येई आणि कापूस वेचणीला चुडामणच्याच शेतात राही. धनुष्यावर त्याचा हात बसलेला. त्याने सांगितलं की पुढून हलका बाण माझ्या मेव्हण्यासारखा असतो. घरून निघतो बाजाराला आणि पोचतो गुत्त्यावर. मग चुडामणने गोट्याच्या पुढच्या टोकात बैलाच्या झिजक्या नालेचा तुकडा चेपला. कोलांट्या थांबल्या.

राहिलं सापडायचं. त्यासाठी शेपूट हवी. पण शेपूट धरून गोटा लांब जात नाही, आणि शेपूट नसली तर दिसत नाही. या दोन गोष्टींत तो थंडीचे महिने झुंजला. भिकुबाईच्या जुन्या लाल लुगड्याची हातभर पट्टी फाडून त्याने गोट्याच्या कमरेला गुंडाळली आणि ज्वारीच्या पिठाच्या खळीने चिकटवली. कल्पना अशी की वर चढेपर्यंत खळ धरेल आणि माथ्यावर वाऱ्याने पट्टी सुटून मागे फडफडेल. पहिली पट्टी गोफणीतच सुटली, गोटा मागच्या मागे जाऊन म्हशीच्या पाठीत बसला, आणि संध्याकाळी म्हशीने भिकुबाईला जवळ येऊ दिलं नाही. दुसऱ्याची खळ इतकी घट्ट की जमिनीवर आल्यावरही सुटेना. पण खळ किती पातळ हवी ते हळूहळू बोटांना कळलं. पहाटेच्या शांत हवेत गोटा सुटे, आकाशात ठिपका होई, मग ठिपक्याला लाल शेपूट फुटे आणि तो सावकाश उतरे. चुडामण खाली मान वर करून उभा राही. अशा वेळी त्याला कोणी उधार मागितलं असतं तर मिळालं असतं.

तेवढ्यावर थांबेल तर तो चुडामण कसला. झाडीत पडला तर दिसायचा नाही, म्हणून ऐकू यावा यासाठी त्याने गोट्याला बासरीसारखं आरपार भोक पाडलं. आता तो जाताना रडल्यासारखा आवाज करू लागला. गोट्यांत गोटा ओळखू यावा म्हणून हळद-चुन्याचं लालभडक कुंकू फासलं. आणि पट्टीचं टोक पक्कं बसावं म्हणून ते काळ्या दोऱ्याने आवळलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी त्याने तो तयार गोटा बायकोपुढे धरला. तिने दोन पावलं मागे सरून पाहिला.

"हाई चव्हाटावर ठेवं ते कुत्रं बी वास लेवाव नही," ती म्हणाली.

नदीत दिसेल की नाही तेवढं सांग, असं त्याने विचारलं. ती म्हणाली की दिसेल, लांबून दिसेल, पण उचलेल कोण. चुडामणला बायकांच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग ऐकायची सवय होती. दिसेल एवढंच त्याने ऐकलं.

आखाजीला दुपार कलल्यावर दोन्ही गावं नदीत उतरली. म्हसोबाला शेंदूर लागला, डफ वाजला. पितांबरने फेकला, तो नेहमीप्रमाणे वाळूच्या टोकाला पडला, आणि बोरमळीच्या माणसांनी तिथे काठी रोवून गोटा देवापुढे आणून ठेवला. आणखी पाच-सहा जणांचे त्याच्या अलीकडेच पडले. मग चुडामण उठला. तेरसिंगला त्याने आधीच बंधाऱ्यापलीकडे काठी देऊन उभं केलं होतं.

आबांनी गोटा हातात मागून घेतला. उलटासुलटा करून पाहिला. पट्टा कशाला, असं विचारलं. चुडामण म्हणाला, सापडावा म्हणून.

"पण गोटाच ना?"

"गोटाच."

"मग फेक," आबा हसून म्हणाले. त्यांच्या हिशेबात पट्टा गुंडाळलेला गोटा म्हणजे फेटा बांधलेला पांगळा होता.

चुडामणने गोफण डोक्याभोवती फिरवली, आसूड ओढल्यासारखा आवाज झाला आणि गोटा सुटला. रडत सुटला. बायकांनी झोके थांबवले. तो चढत गेला, बंधाऱ्यावरून गेला, ठिपका झाला, आणि ठिपक्याला शेपूट फुटली. खैरखेड्याची माणसं ओरडली. पण तेवढ्यात चुडामणला आपली चूक दिसली. सगळे महिने त्याने पहाटे फेकलं होतं. वैशाखातल्या तिसऱ्या प्रहरी पश्चिमेचा जो तापला वारा सुटतो, तो त्याने हिशेबात धरलाच नव्हता. शेपटीत वारा भरला. गोटा नदी सोडून डावीकडे झुकला, पलीकडच्या दरडीवरून गेला आणि बोरमळीच्या खालच्या टोकाच्या घरांमागे उतरला.

बराच वेळ कोणी आलं नाही. मग तेरसिंग एकटाच आला, काठी हातात तशीच.

त्याने सांगितलं ते असं. गोटा पडला होता बेबाबाईच्या अंगणात. बेबाबाई म्हणजे आबांची थोरली बहीण, विधवा, गावाच्या शेवटच्या घरात राहणारी आणि गावाला पहिल्या घरापर्यंत धाकात ठेवणारी. ती बाजेवर कुरडया वाळत घालून राखण करीत बसली होती. आकाशातून काहीतरी रडत आलं आणि कुरडयांतून बाज फोडून खाली गेलं. वाकून पाहते तर लाल कापड, कुंकू आणि काळा दोरा. तिने जी हाक मारली ती तेरसिंगला दरडीखाली ऐकू आली. शेजारणी आल्या. कोणी म्हणालं करणी, कोणी म्हणालं मूठ. हवेतून मारतात ती, माणूस जागेवर आडवा करणारी. भोवती राखेचं रिंगण घातलं गेलं. उतारे काढणाऱ्या भगताला बोलावणं गेलं. तेरसिंग गोटा उचलायला पुढे झाला तर बायकांनी त्याच्यावर मुसळ उगारलं.

चुडामण ताडताड निघाला. पण दरडीशीच बोरमळीच्या पोरांनी काठ्या आडव्या धरल्या. मूठ मारणाऱ्याला गावात पाऊल टाकता येणार नाही. नदीत बसा, आबा बघून येतील.

आबा बघून आले. म्हसोबापुढे बसले. लवंग दुसऱ्या दाढेत गेली होती, म्हणजे विचार पुरा झालेला होता. ते म्हणाले की बहिणीच्या अंगणात काही अमंगळ पडलं आहे खरं, पण त्यात गोटा-बिटा काही नाही. घारीच्या पायातून कुठल्या तरी चव्हाट्यावरचा उतारा सुटला असेल. भगत तो संध्याकाळी डोहात सोडेल. तेव्हा चुडामणचा गोटा काही सापडला नाही, आणि पितांबरची गोफण लिंबाला राहू द्यावी.

चुडामणच्या तोंडी एकदम इतकं आलं की शब्द एकमेकांच्या टाचांवर पाय देऊ लागले. मघाशी तुम्ही स्वतः हातात घेऊन पाहिलात, तो म्हणाला. गोटाच ना, म्हणून विचारलंत. सगळ्या नदीने जाताना पाहिला, उतरताना पाहिला.

आबा शांतपणे म्हणाले, "मी पाहिला त्याला शेपूट नव्हती बाबा. तिथं पडलंय त्याला हातभर शेपूट आहे."

"तीच तर शेपूट! पट्टा सुटला की—"

"आणि मी पाहिला तो रडत नव्हता."

बोरमळीची माणसं हसली. चुडामणच्या बाजूची माणसं हसली नाहीत, पण ती पायाखालची वाळू बघू लागली, आणि त्याला ते जास्त लागलं. वर्षभर माती मळली, म्हशीचं दूध घालवलं, बायकोचं लुगडं फाडलं, आणि गोटा सापडलेला असताना, पलीकडच्या अंगणात राखेच्या रिंगणात पडलेला असताना, तो सापडला नाही म्हणून उद्या पुन्हा न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली बसायचं. तेरसिंग साक्ष द्यायला उभा राहिला. आबा म्हणाले, तो तुझाच माणूस, तुझं मीठ खातो. बोरमळीचं कोणी पाहिलं असेल त्याने सांगावं. बोरमळीचं कोणीच काही पाहिलेलं नव्हतं.

मग आबांनी चुडामणला बाजूला घेतलं. आवाज आणखी मऊ झाला. समजा तो तुझाच, ते म्हणाले. मग तू त्यावर कुंकू का फासलंस, काळा दोरा का आवळलास, हे चार लोक विचारतील. माझ्या बहिणीला उद्या साधा ताप आला तरी तुझं नाव निघेल. बारशाला, लग्नाला तुला कोण बोलावील? तू नाही म्हण. मी घार म्हणतोच आहे. गोफणीचं काय, पुढच्या वर्षी टांग.

खोटं काहीच नव्हतं त्यात. म्हणून तर चुडामणच्या अंगाचा भडका उडाला. चोराने चोरी करून वर घराला कुलूप नीट लावत जा म्हणून सांगावं, तसं ते होतं. पण भडकलेल्या माणसालाही भविष्य दिसतंच. त्याला भिकुबाई दिसली, ती लिंबाखाली पदर दातात धरून उभी होती.

सूर्य बाभळींवर टेकला होता. पितांबरला खांद्यावर घ्यायला पोरं पुढे झाली. तेवढ्यात दरडीवरची गर्दी आपणहून दुभंगली.

बेबाबाई उतरत होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात चुलीतला लांब चिमटा, आणि चिमट्यात लाल शेपूट लोंबणारा गोटा. मागे भगत, तो तिला थांब म्हणत होता, पण थांबवायला जवळ जात नव्हता. वाळूत काठी रुतत होती, उपसून ती पुढे टाकत होती. म्हसोबापुढे येऊन तिने भावाला विचारलं की घार म्हणालास म्हणे.

आबा म्हणाले, अक्का, तू घरी जा, हे डोहात सोडायचं आहे, तू हातात धरू नको.

"घार रडस का रे?" बेबाबाई म्हणाली. "मी म्हतारी व्हयनू, आंधयी नही व्हयनू. तठून उना तो. बांधवरथून. मना डोयाघाई देखं मी."

तिने चिमट्याने नदीच्या वरच्या अंगाला, जिथे उभं राहून फेकतात त्या जागेला बोट दाखवल्यासारखं केलं. शेपूट हलली, तशी जवळची माणसं मागे सरली. आबांनी पुन्हा समजावलं की भास झाला असेल. बस, तिथे चुकलं. बेबाबाईच्या कुरडया गेल्या होत्या ते एक, आणि आता तिला भास होतात हे सगळ्या नदीसमोर सांगितलं गेलं होतं ते दुसरं. पहिल्याची भरपाई होते. तिने भावाकडे पाठ फिरवली आणि गोटा चिमट्यासकट चुडामणच्या पायाशी टाकला.

"तुना शे का हाऊ?"

भिकुबाईने मान हलवली. नाही म्हण, असं ती मान सांगत होती. चुडामणने ते पाहिलं. आबांकडेही पाहिलं, ते आकाशात घार शोधत होते. त्याने खाली वाकून गोटा उचलला, कुंकू अंगठ्याने पुसलं, नालेचा तुकडा जागेवर आहे का ते चाचपलं. इतके महिने हातात घेतलेली वस्तू माणूस हातात न घेता नाही म्हणू शकला असता कदाचित. हातात घेतल्यावर जमेना.

"मनाच शे," तो म्हणाला.

"तूच फेका?"

"मीच फेका. तठून. तुमना आंगनमा पडना."

"मंग मन्या कुरडया?"

"त्या भरी दिसू."

बेबाबाईने पंचांकडे पाहिलं. ती म्हणाली की ऐकलं ना सगळ्यांनी, यानेच फेकला, तिथून फेकला आणि माझ्या बाजेवर पडला. आता ज्याला मी आंधळी वाटते त्याने सांगावं. तिचं म्हणणं खोटं ठरवायचं तर ज्या मुठीपायी चुडामणला दरडीशी अडवलं ती मूठ खोटी ठरत होती, आणि खरं ठरवायचं तर गोटा बंधाऱ्याच्या पार दुप्पट वाटेवर जाऊन पडला होता. बोरमळीचे पंच दोन्हीकडून अडकले. चुडामणने गोटा म्हसोबापुढे ठेवला तेव्हा बाभळींच्या शेंड्यांवर लाल कड शिल्लक होती. दाखवला गेला. म्हणजे फेकला गेला.

पितांबरची गोफण उतरली, चुडामणची चढली. डफ वाजवायला मात्र कोणी पुढे आलं नाही. शेवटी तेरसिंगनेच चार थापा मारल्या.

यानंतर जमा काय आणि खर्च काय ते सांगतो. चुडामणच्या मळ्यातल्या वांग्यांची चोरी बंद झाली. पाटाच्या पाण्याची पाळी कोणी मोडीना. नदीकाठची त्याची वाट लोक आधीच मोकळी करून देऊ लागले. हे जमेला. खर्चाला हे की बायका त्याला पाहून लेकराच्या कपाळावर पदर ओढू लागल्या, आणि मागच्या घरच्या बारशाचं बोलावणं भिकुबाईला आलं, त्याला आलं नाही. भिकुबाई चार दिवस बोरमळीला जाऊन बेबाबाईच्या कुरडया करून आली. आल्यावर तिने सांगितलं की म्हातारीला ताप वगैरे काही नाही, आणि मूठ आपल्याला मारली तरी आपण मेलो नाही, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला बाज दाखवून सांगते. तेव्हा लोक बाज पाहायला येतात. गोटा किती लांबून आला, ते कोणी विचारत नाही.

"कोन्हीच नही?" चुडामणने विचारलं.

"भोक देखतस बाजनं," ती म्हणाली, "आनी म्हंतस, भगत जबरा शे."

मी भगत कसला, तो उसळून म्हणाला. खळ पातळ केली महिनोन्महिने. नाल चेपली. चातीवरून आकार काढला. त्यात मंत्र कुठे आहे? भिकुबाईने भाकर थापत सांगितलं की मला ठाऊक आहे, म्हशीलाही ठाऊक आहे, आता दोघींनी कोणाकोणाला सांगत बसायचं. आबांनी तर लोकांना असं सांगायला सुरुवात केली होती की माझा पुतण्या हाताने फेकणारा, मंत्रापुढे तो काय करणार. ते ऐकल्यावर चुडामण भाकर टाकून उठला. आखाजीनंतर तो बाजाराला गेलेलाच नव्हता.

तो गोटा खिशात घालून शिरपूरला गेला. वर्षभर त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं, आज होतं. सापडला, म्हणायचं, आणि खिशातून काढून समोर ठेवायचा. पट्टा, नाल, भोक, सगळं दाखवायचं. आडव्या वाऱ्यातही गेला, कारण वारा शेपटीला लागतो, टोकाला लागत नाही, हेही सांगायचं.

तंबाखूवाल्याने पुडी बांधली, दोन्ही हातांनी पुढे केली आणि खाली पाहत बसला. तेल्याने माप काठोकाठ भरून वर धार सोडली, पैसे नंतर दिले तरी चालतील म्हणाला. चुडामण उभा राहिला. तेल्यानेही काही विचारलं नाही. धान्याच्या आळीतून तो दोनदा फिरला. लोकांनी रामराम घातला आणि बाजूला झाले.

शेवटी तो न्हाव्याच्या पाटावर जाऊन बसला. आजच सकाळी भिकुबाईने दाढी झाली का म्हणून विचारलं होतं, झालेली होती, तरी बसला. न्हाव्याने पाणी लावलं, वस्तरा चटपट चामड्यावर घासला आणि गळ्याशी आणला. चुडामण वाट पाहत राहिला. वस्तरा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत इतका जपून गेला की गेल्याचं कळलंही नाही.

न्हाव्याने वस्तरा पुसून बाजूला ठेवला.

"सापडना," चुडामणच म्हणाला.

न्हावी घाबरून म्हणाला, "हो भाऊ," आणि काय सापडलं ते न विचारता आरसा पुसू लागला.